डोळे शेवटी

१

गाढवाला चष्मा लावला की ते हुशार दिसेल, असं वाटतं. तसं होत नाही. ते चष्मा लावलेलं गाढवच दिसतं. हे मला कळेपर्यंत एक आख्खा आठवडा आणि चांगल्या कागदांचा गठ्ठा वाया गेला होता.

मी वर्षानुवर्षं एका दैनिकात चित्रं काढली. अपघाताच्या बातमीला उलटलेला ट्रक, अग्रलेखाला रिकामी खुर्ची, दिवाळीला पणती. मग एके दिवशी दैनिकाला माझी गरज उरली नाही आणि मी घरी बसलो. डोक्यात मात्र एक किडा फार जुना होता: स्वतःची कॉमिक स्ट्रिप. सगळे प्राणी, सगळे एका सोसायटीत राहणारे. दारात आडवा उभा राहून प्रत्येक गोष्टीला हरकत घेणारा चेअरमन रेडा. बोर्डावरच्या नोटिसा खाणारी शेळी. स्पर्धा परीक्षांचे क्लास घेणारं गाढव. झोपाळू वॉचमन कुत्रा. सदा उशीर झालेला ससा. आणि द्राक्षांचा दलाल कोल्हा, कारण नाशिकच्या कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायची सोय नाही.

शुभांगी नावाच्या एका तरुण संपादकबाईंनी त्यांच्या मुलांच्या पाक्षिकासाठी नमुने मागवले होते. स्ट्रिप नंतर, आधी पात्रं पक्की करा, असं त्यांचं म्हणणं. माझा कावळा त्यांनी पहिल्याच फेरीत उडवून लावला. "सर, याला कानच नाहीत. कानांशिवाय एक्स्प्रेशन कसं येणार?" मुलगी अर्ध्या वयाची, पण बोलली ते खरं होतं. आणि कान हा तर माझा हातखंडा. लहानपणी सुट्टीत मी निफाडच्या बाजूला सहादूमामाकडे असायचो. जनावराचं तोंड बघू नको, कान बघ, असं मामा सांगायचा. मी इतके कान बघितलेत की ते मला आता बघून काढावे लागत नाहीत. हात आपला आपण काढतो.

आमचा फ्लॅट सिडकोत, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. हॉलमध्ये माझं टेबल. टेबलाशी बसलं की डाव्या हाताला नानांची, म्हणजे माझ्या वडिलांची खोली. तिला मोठी खिडकी आहे आणि थंडीच्या दिवसांत तिथे दुपारी उशिरापर्यंत छान ऊन असतं. उजव्या हाताला पॅसेज, त्यात बाथरूम, आणि टोकाला मीनाची नि माझी झोपायची खोली. त्या खोलीची शेवटची भिंत शेजारच्या फ्लॅटला लागून. त्याचा मालक ओझरला कारखान्यात आहे, तिकडेच राहतो, इथे कायम कुलूप. मीना, माझी बायको, शाळेत शिकवते. ती सकाळी जाते ती संध्याकाळी येते. मधल्या वेळात घरात मी, नाना आणि गाढव.

नानांची नजर काचबिंदूने गेली. ते भिंतीवर तळवा टेकवून बाथरूमपर्यंत जातात आणि तसेच परत येतात. सर्र, सर्र. नवीन रंगावर कमरेइतक्या उंचीवर त्या हाताचा मळकट पट्टा उमटलाय. मीनाला तो पट्टा बघवत नाही, पण ती नानांना काही बोलत नाही. मला बोलते.

२

नानांचं नाव पुंजाराम. त्यांचं आयुष्य गणपतीच्या कारखान्यात गेलं. ते आखणी करायचे. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. बाकी सगळं काम इतरांचं. मूर्ती रंगून, दागिने होऊन ओळीने उभ्या राहिल्या की नाना स्टूल घेऊन यायचे आणि एका बैठकीत एकेकाचे डोळे उघडत जायचे. आधी डाव्या अंगठ्याने डोळ्याच्या खोबणीचं माप घ्यायचं, मग ब्रश टेकवायचा. पुंजारामच्या हातचा गणपती कुठूनही बघा, तुमच्याकडेच बघतो, असं पंचवटीत लोक म्हणायचे.

मीही डोळे शेवटीच काढतो. तेवढं एकच मी नानांकडून घेतलं. प्राणी शेपटीच्या गोंड्यासकट पूर्ण करायचे, डोळ्यांची जागा कोरी ठेवायची, सगळे कागद टेबलावर ओळीने मांडायचे आणि मग एका दमात सगळ्यांचे डोळे. नानांना यात कौतुक वाटत नाही. "देव सोडून गाढवाचे डोळे रंगवतो," असं ते घरी आलेल्या प्रत्येकाला सांगतात. मी त्यांचं मनावर घेत नाही असं मी सांगतो. घेतो.

त्या दिवशी सगळी फौज मनासारखी उतरली होती. मी डोळे भरले, चहा करून आणला, आणि बघतो तर काय, सगळे डावीकडे बघत होते.

रेडा डावीकडे. शेळी डावीकडे. कोल्ह्याला मी वाचकाकडे बघून डोळा मारायला लावला होता, तर त्याचा उघडा डोळासुद्धा डावीकडे. एकमेकांकडे कोणी बघत नाही, वाचकाकडे कोणी बघत नाही. बस थांब्यावर उभी माणसं बस यायच्या दिशेला बघतात तशी सगळी फलटण.

मी तसेच पाठवले. कोणाच्या लक्षात येतंय, म्हटलं.

"सर, क्यूट आहेत," शुभांगीचा फोन आला. "पण हे सगळे कुठे बघतायत?"

"तिरकं बघतायत. मिश्कील."

"मिश्कील नाही वाटत सर. सॉरी हं, पण मला ते बघून कसंतरीच झालं. परत करता का?"

मी फोन ठेवला आणि शेळीला चार शिव्या हासडल्या. पुंजाराम आखणीवाल्याच्या पोराला डोळे परत काढायला सांगतात, यापेक्षा मोठी नामुष्की ती कोणती?

३

पुन्हा काढले. पुन्हा डावीकडे.

चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून चष्मेवाल्याकडे जाऊन आलो. नंबर तोच होता. मग उजेडाचा दोष असेल म्हटलं, कारण ऊन नानांच्या खोलीतून, म्हणजे डावीकडूनच येतं. माणसाचा हात नकळत उजेडाकडे ओढला जात असेल. म्हणून मी टेबलच फिरवलं. तोंड उलट्या भिंतीकडे करून बसलो. आता नानांची खोली उजव्या हाताला आली.

सगळे उजवीकडे बघायला लागले.

मला हसू यायला हवं होतं. राग आला. स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून ससा काढला. ससा फ्रिजकडे बघत होता, आणि फ्रिजच्या मागे भिंत, आणि भिंतीमागे नानांची खोली. बाल्कनीत गाढव काढलं. गाढवाने मान खांद्यावरून मागे टाकली होती. मी तशी मान ठरवलीही नव्हती. शेवटी पॅड घेऊन नानांच्याच खोलीत जाऊन बसलो. नाना खाटेवर, गुडघ्यांवर ऊन घेत. मी कुत्रा काढला, डोळे भरले. कुत्रा खिडकीकडे बघत होता. खिडकीला लागूनच नानांची खाट.

"काय काढतो रं?" नानांनी विचारलं. त्यांना पेन्सिलीचा आवाज कळतो.

"कुत्रा."

"कुनाकडं बघतोय?"

हा प्रश्न ते नेहमीच विचारतात. कारखान्यातली सवय. मी मान वर करून नानांच्या आजूबाजूला बघितलं. खिडकी, पडदा, औषधांची पिशवी, पाण्याचा तांब्या. वावगं काहीच नव्हतं. नानांच्या पांढऱ्या बुबुळांवर ऊन पडलं होतं आणि त्यांची पापणीही हलत नव्हती.

जनावरांना माणसाआधी कळतं, असं म्हणतात. पण ती खरी जनावरं. ही माझ्या हातची, चष्मा लावणारी, क्लास घेणारी. यांना काय कळणार? मी स्वतःला हे चांगलं खडसावून सांगितलं आणि पॅड मिटलं. मग दिवसभर काही ना काही कारण काढून नानांच्या खोलीत डोकावत राहिलो.

४

दुसऱ्या दुपारी टेबल पुन्हा पूर्वीसारखं फिरवून बसलो होतो. पॅसेजमधून सर्र, सर्र आवाज आला.

"नाना, जपून. फरशी ओली आहे," मी मान न वळवता म्हटलं.

आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला, सावकाश. अंधारात बटण शोधताना हात भिंतीवरून फिरतो तसा, थांबत, परत फिरत. नानांना आता बाथरूमचं दारही सापडत नाही की काय, असं वाटलं. उठलो. पॅसेज रिकामा होता. नानांच्या खोलीत गेलो तर नाना खाटेवर आडवे, तोंड उघडं, घोरत होते.

आले असतील पटकन. म्हाताऱ्या माणसाला कुठेही झोप लागते. मी तसं मनाला पटवलं आणि ते पटलंही, कारण माझं सगळं लक्ष खिडकीवर होतं. पडदा हलत होता. वारा होता, पडदा हलणारच.

संध्याकाळी मीना झोपायच्या खोलीतून ओरडली, "अहो, नाना आपल्या खोलीत येतात का दुपारी?"

"नाही. का?"

"मग इथं भिंतीला हात कोणाचे लागलेत? बघा ना, पार कपाटामागून पट्टा आलाय. आत्ता तर रंग दिलाय."

"मीना, मला इथे डोळे जमत नाहीयेत आणि तू रंगाचं काय घेऊन बसलीस?"

"डोळे, डोळे! आठवडाभर तेच चाललंय. माणसं दिसतात का तुम्हाला घरातली?"

माणसंच दिसत होती. एकच माणूस दिसत होतं, आणि त्या माणसाच्या उशाशी काहीतरी आहे असं माझी सगळी जनावरं मला ओरडून सांगत होती. हे मीनाला कसं सांगणार? रेड्याने सांगितलं म्हणून?

मी भिंत बघायला गेलो नाही.

५

नानांना हलवायचं मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केलं. खिडकीतून गार वारा येतो, त्यांना खोकला होतो, त्यांनी आमच्या खोलीत झोपावं आणि आम्ही त्यांच्या. पॅसेजच्या टोकाची खोली, त्या खिडकीपासून जितकं लांब जाता येईल तितकी लांब.

मीना शाळेच्या घाईत होती. डबा तसाच हातात धरून ती माझ्याकडे बघत राहिली. "थंडीत त्यांना उन्हातून उठवून अंधारात नेऊन टाकणार? नाना, तुम्हाला खोकला आहे?"

"मला कसला खोकला," नाना म्हणाले. "दिनेश, हितं बरं हाय रं. ऊन गुडघ्यावर आलं का मला कळतं, जेवायची वेळ झाली. तिकडं मला काय कळनार?"

"मी सांगेन वेळ."

"तू सांगशील! तू गाढवात गुंतलेला."

मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण नाना खाटेखाली पायाने चपला शोधू लागले. मीना दार आपटून गेली. मग मी खालून वॉचमन सावळीरामला बोलावून खाट हलवली. कपाटाशेजारच्या भिंतीला लावली. उशी, तांब्या, पिशवी, सगळं नेलं. नानांना हाताला धरून नेलं, तेव्हा त्यांनी खाटेमागच्या भिंतीवर तळवा टेकवला.

"ही भिंत गार हाय रं."

"पलीकडे बंद फ्लॅट आहे नाना. माणूस नाही, म्हणून गार."

सावळीरामने मान डोलावली. "कुलूपच हाय त्याला. मालक दिवाळीलाबी नाय आले."

नाना खाटेवर बसले. गुडघ्यावर हात ठेवले, सवयीने, आणि ऊन नाही म्हणून परत काढून घेतले. मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण आत कुठेतरी मोठं ओझंही उतरलं होतं. तिकडे खिडकीत जे काय असेल ते असू दे, तिथे आता नाना नव्हते.

त्याच भरात मी डोळ्यांचाही निकाल लावला. माझ्या हाताला जर ते जमत नसेल तर हाताला विचारायचंच नाही. प्लॅस्टिकची गोलांची पट्टी आणली. मोठा गोल, बरोबर मध्ये छोटा गोल, छोटा गोल काळा. आखणीवाल्याच्या पोराने पट्टीने डोळे काढले. नानांना कळलं असतं तर दोन दिवस जेवले नसते. पण रेडा समोर बघू लागला, शेळी समोर बघू लागली, कोल्हा अगदी वाचकाच्या नाकाकडे.

दुपारी नानांना ताट घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "लाइट गेली व्हती का रं मघाशी?"

"नाही. का?"

"तू भिंत चाचपत व्हता ना हितं? मला वाटलं बटन सापडत नसंल."

खोली बदलली की म्हातारी माणसं गोंधळतात. असं कुठेतरी वाचलं होतं. मी त्यांच्या हातात भाकरी दिली आणि कामाला गेलो.

६

सगळी पात्रं घेऊन मी स्वतःच कॉलेज रोडला शुभांगीच्या ऑफिसात गेलो. नानांचं जेवण झालं होतं. मोठ्या बटणांचा फोन त्यांच्या गळ्यात अडकवला होता. तासाभरात येतो, असं सांगून निघालो.

शुभांगीने कागद टेबलावर पसरले आणि टाळीच वाजवली. "सर! आले की डोळे! हे गाढव काय भारी आहे. खरंच क्लास घेतंय असं वाटतं."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला माणसासारखं वाटलं. चहा आला. ती एकेक कागद उचलून बघत होती. मग तिने सगळे परत शेजारी शेजारी लावले.

"फक्त एक विचारू का? रागावू नका."

"विचारा."

"सगळ्यांचे कान असे का? एकाच बाजूला? तोंड इकडे, डोळे इकडे, आणि कान मात्र मागे वळलेत. सगळ्यांचे."

मी बघितलं. सशाचे दोन्ही कान उजवीकडे, मागे, ताठ. रेड्याचे तसेच. झोपलेल्या कुत्र्याचा एक कान उभा राहून उजवीकडे वळला होता. तिने खणातून जुने नमुने काढले, पहिले, डावीकडे बघणारे. त्यांतही तसंच. डोळे डावीकडे आणि कान उजवीकडे. पहिल्या दिवसापासून. मी डोळेच बघत राहिलो होतो. कान मी बघतच नाही, हात काढतो.

आणि मला सहादूमामाचा मळा आठवला. गाडीचा बैल एकाएकी थांबला होता आणि बांधाकडे बघत होता. तिकडे काहीतरी आहे म्हणून मी गाडीतून उतरून उलट बाजूला, उसाकडे पळालो. मामाने मला दंडाला धरून खेचलं होतं. "येड्या, तो बघतो तिकडं काय नाय! तिकडं त्याला पळायचंय. कान कुठं हायेत बघ." कान उसाकडे होते. उसातून नंतर बिबट्याचा तो करवतीसारखा आवाज आला.

खिडकीत काही नव्हतं. खिडकीतून फक्त बाहेर जाता येत होतं.

मी नानांना तिकडून उचलून कानांच्या बाजूला नेऊन ठेवलं होतं.

शुभांगी काहीतरी विचारत होती. मी जिन्यात आलो आणि फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"नाना, कुठे आहात?"

"कुठं असनार? खाटंवर. आन् घरात असून फोन का करतो रं?"

"मी घरात नाहीये नाना. मी कॉलेज रोडला आहे."

पलीकडून नानांचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासामागे सर्र, सर्र.

"मग," नाना म्हणाले, "आत्ता माझ्या तोंडावरून हात कोन फिरवत व्हतं?"

"नाना, उठा. भिंत धरून... भिंत धरू नका. सरळ चाला, हॉलमध्ये या, तुमच्या जुन्या खोलीत जा. उन्हात जा."

पण नाना माझ्याशी बोलत नव्हते. त्यांचा आवाज फोनपासून लांब गेला होता आणि अदबशीर झाला होता, दाराशी पाहुणा आल्यावर होतो तसा. "कोन हाये? या की. बसा. उभे का?"

फोन बंद झाला.

७

मुंबई नाक्याला सिग्नल होता, पुलाखाली ट्रक अडकला होता, आणि मी हॉर्न वाजवत, शिव्या देत, रडत होतो. स्कूटर जिन्याच्या तोंडाशीच टाकली.

कुलूप उघडून आत पाऊल टाकलं. हॉलमध्ये नानांच्या जुन्या खोलीतून आलेला उन्हाचा पट्टा पडला होता. पॅसेजमध्ये अंधार होता. टोकाच्या खोलीचं दार उघडं होतं आणि दारातून पॅसेजच्या भिंतीवर एक हात आलेला होता. पालथा, बोटं पसरलेली, बटणाच्या उंचीवर. मनगटापर्यंतच दिसत होता, बाकी सगळं चौकटीच्या आड.

"नाना!" मी ओरडलो. मला इतकं बरं वाटलं. नाना उठले होते, माझं ऐकून निघाले होते.

हात थांबला. मग बोटं एकेक करून मिटली आणि तो आत गेला.

मी धावत खोलीत शिरलो. नाना खाटेवर बसले होते, पाय वर घेऊन, पाठ उशीला. दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या दोन हातांत फोन होता.

खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कपाटामागून निघालेला मळकट पट्टा नानांच्या डोक्यामागून गेला होता आणि दारापर्यंत पोचला होता.

मी नानांना उचललंच. किती हलके झालेत ते तेव्हा कळलं. हॉल ओलांडून जुन्या खोलीत आणून खिडकीखाली गादीवर ठेवलं. जिना ते उतरू शकत नाहीत. सावळीरामला फोन करून सांगितलं, खुर्ची आणि आणखी एक माणूस घेऊन लगेच वर या. मीनाला फोन लावला, तिचा वर्ग चालू असावा, उचलला नाही.

"नाना, लागलं का कुठे? काय केलं त्याने तुम्हाला?"

"काय करनार? भला मानूस व्हता." नानांनी गुडघ्यावरचं ऊन चाचपलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "बोलला नाय काय. पन हात कारागिराचा, लगेच कळलं मला. माझ्या खोबनीवर अंगठा ठेवून माप घेत व्हता. मी घ्यायचो तसं, अगदी तसं. मी म्हनलं, बाबा, माझ्या डोळ्यांत आता काय राहिलं नाय. तू चुकीच्या मानसाकडं आला."

मी वळून पॅसेजकडे बघितलं.

"म्हनलं, माझ्या पोराला भेट. त्याचे लय चांगले हायेत. माझ्यापरीस चांगले. दिवसभर घरीच असतो, म्हनलं, हॉलमध्ये टेबलाशी." नाना हसले. "नाव बी सांगितलं तुझं."

आयुष्यभर मी ज्याची वाट बघितली ते कौतुक नानांनी केलं होतं, आणि ते या माणसापाशी. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी त्यांच्या पायांवर शाल टाकली.

सावळीराम यायला वेळ लागत होता. मी हॉलमध्ये आलो. मुख्य दार पॅसेजला लागूनच आहे. नानांना तिथून न्यायचं तर तो हात आता कुठे आहे हे आधी कळायला हवं होतं. कळायचा माझ्याकडे एकच मार्ग होता. मी टेबलाशी बसलो आणि ससा काढला. डोकं, मिशा, कान. विचार न करता, हाताला येतील तसे.

कान उजवीकडे गेले नाहीत. डावीकडेही गेले नाहीत. दोन्ही सरळ पुढे आले होते, कागदातून वर, माझ्या चेहऱ्याकडे. माझ्याकडे, किंवा माझ्या अगदी मागे.

डोळ्यांची जागा मी कोरी ठेवली होती. पेन्सिल खाली ठेवली. माझ्या खुर्चीच्या पाठीवरून काहीतरी सर्र करत वर येत होतं, सावकाश, थांबत, लाकडावरून शर्टावर.

"दिनेश," आतून उन्हातून नानांनी हाक मारली, खूश होऊन. "आला का रं तो? बसायला दे त्याला."